शालूताई, तुमचे पोपट माझं ऐकेनात

प्रिय शालूताई,

आज सकाळी सुजूला कळवणच्या एस.टी.त बसवून आले. तुमची सुजू नोकरीला लागली, ताई! कळवणच्या पुढे डोंगरात एक आश्रमशाळा आहे, तिथं ती पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवणार. गाडी स्टँडातून बाहेर पडून दिसेनाशी झाली, तेव्हा हे म्हणाले, "चल, चहा घेऊ." हॉटेलात आम्ही समोरासमोर बसलो आणि कप गार होईपर्यंत एक अक्षर बोललो नाही. घरी आल्यावर हे गच्चीवर निघून गेले. टाकीचा नळ गळतोय म्हणे. तो नळ गेल्याच आठवड्यात बदललाय.

मग मी कुणाशी बोलू? जिला ही बातमी सगळ्यांच्या आधी कळायला हवी, तिलाच लिहावं म्हटलं. म्हणून बसले.

तुम्हाला मी कधी पाहिलं नाही. फोटोत पाहिलं तेवढंच. त्या फोटोत तुम्ही सत्तावीस-अठ्ठावीसच्या असाल. मी या घरात आले तीच तिशीला टेकून, आणि आता तर चाळिशी उलटली. वयानं तुम्ही मला धाकट्या बहिणीसारख्या. तरी ताईच म्हणते, कारण घर तुमचं आधीचं. ह्यांचा उल्लेख कसा करायचा हाही मला सुरुवातीला प्रश्नच होता. माझे हे म्हणू, की तुमचे? नुसतं 'हे' म्हटलं की दोघींनाही कळतं, नाही का?

माझं माहेर येवल्याचं. वडील अंथरुणाला खिळले आणि त्यांच्या मागावर मी बसले. पाठचे भाऊ शिकून हाताशी येईपर्यंत पैठणीवरून उठायची सोय नव्हती, आणि तोवर स्थळं येणं बंद झालं. पदरावर मी किती पोपट विणले असतील, त्याची गणतीच नाही. पण जिवंत पोपट कधी हातात धरला नव्हता. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात ह्यांचं स्थळ आलं. बिजवर, आठ वर्षांची मुलगी, नाशिकरोडला सरकारी कचेरीत कारकून. मुलीचं मला आधीच सांगितलं होतं. पोपटांचं कुणी काही बोललं नव्हतं!

पहिल्या संध्याकाळी मी दोन खोल्यांच्या त्या क्वार्टरमध्ये स्टोव्ह पेटवत होते. बाहेरच्या खोलीतून बाईचा आवाज आला, "अहो, ऐकलं का?" मी दचकून मागं पाहिलं. घरात दुसरी बाई नव्हती. कपाटावर तुमचा पोपट, बंड्या, बसला होता आणि मान वाकडी करून ह्यांच्याकडे बघत होता. हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर वर उचलून तोंड झाकून घेतलं. मला तेव्हाच कळलं, हा आवाज तुमचा.

बंड्या आणि ठमी! काय नावं ठेवलीत हो! दिवसभर दोघं पिंजऱ्यात गुण्यागोविंदानं असायची. दुपारी सुजू शाळेतून आली की दार उघडायची, आणि मग ती घरभर हिंडायची. पडद्याच्या दांडीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, तुमच्या फोटोच्या चौकटीवर. ते सगळं ठीक होतं. पण दिवेलागणीला पिंजऱ्यात परत जायचं नाव नाही. मिरची दाखवली तर मिरची घेऊन वर जायची. पेरू ठेवला तर बंड्या आत जाऊन फोड उचलायचा आणि दाराकडे हात जायच्या आत बाहेर! ठमी तर खालीच यायची नाही.

बाहेर ठेवावीत, तर मागच्या गल्लीतला बोका खिडकीत येऊन बसायचा, आणि त्या खिडकीचं एक तावदान फुटलेलं, नुसता पुठ्ठा लावलेला. म्हणून हे रोज कचेरी आणि मग मुलांच्या शिकवण्या उरकून उशिरा घरी आले की टॉवेल घेऊन मागं लागायचे. खुर्ची, स्टूल, आरडाओरडा, पिसं. ह्यांच्या बोटांवर चाव्यांचे वण असायचे. तुम्ही गेल्यापासून रोज हेच चाललं होतं म्हणे. सुजू तोवर शेजारच्या काकूंकडे बसून राहायची. वडील आले की घरी यायची, जेवायची आणि बसल्याजागी पेंगायची. तिला अंथरुणावर झोप म्हटलं की ती भिंतीला टेकून बसायची आणि डोळे ताणून जागी राहायची.

माझ्याशी ती बोलतच नव्हती. वाईट वागायची असंही नाही. दिलेलं खायची, सांगितलेलं करायची, पण तोंडातून शब्द नाही. एकदा मी म्हणाले, "सुजू, डब्यात चकल्या हाय बघ." त्यावर ती पहिल्यांदा बोलली. "हाय नाही, आहेत," म्हणाली आणि दप्तर उचलून गेली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्यानंतर मी मुद्दाम चार-दोनदा चुकीचं बोलून पाहिलं, पण ती फसली नाही. हुशार पोरगी तुमची.

पोपटांचं कसं करावं हे मी शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पंख छाटून टाक, कुठं जातायत मग?" चांगल्या मनानंच म्हणाल्या. पण कात्री हातात घ्यायचं माझ्यानं झालं नाही. शालू कसं करायची, असंही विचारलं. तर त्या म्हणाल्या, तिला काही करावंच लागायचं नाही, दिवे लागले की दोन्ही आत, आम्हालाही नवल वाटायचं. ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी यायच्या आतच पिंजरा झाकलेला असायचा."

ताई, इथं मी तुमच्यावर जरा रागावले होते, खरं सांगते. भाजीत तुम्ही काय घालायच्यात, गहू कुठून आणायच्यात, हे काकूंनी मला सांगितलं. पण पाखरांना काय सांगायचं ते तुम्ही कुणापाशी ठेवूनच गेला नाहीत. निदान एखादी हाक तरी मागं ठेवायची!

मग मी माझ्या परीनं सुरू केलं. टॉवेल ट्रंकेत टाकला. दुपारनंतर त्यांना बाहेर काही खायला द्यायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी भिजवलेली डाळ पिंजऱ्यात ठेवायची आणि आपण खाली तांदूळ निवडत बसायचं, वर बघायचंही नाही. मागावर बसणाऱ्या बाईला बसून राहायचा कंटाळा नसतो. हळूहळू बंड्या माझ्या खांद्यावर यायला लागला. कानातलं ओढायचा, डाळ खायचा. पण आत राहायचा नाही, आणि हे आले की टॉवेल पुन्हा ट्रंकेतून निघायचा. ठमी वर कपाटावर, आणि ती वर असली की हाही परत वर. आणि सुजू कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. माझे सगळे खटाटोप ती बघायची.

तशात एक दिवस बोका आत आला. मी स्वयंपाकघरात होते. किंकाळी ऐकून धावले, तर सुजूनं पायातली चप्पल फेकून त्याला हाकललं होतं. ठमीची शेपटी अर्धी झाली होती, एवढ्यावर निभावलं.

त्या दिवशी हे म्हणाले, आता बास. लासलगावला ह्यांचे चुलतभाऊ आहेत, कांद्याच्या मार्केटात आडत आहे त्यांची. मोठं घर, मोठं अंगण. त्यांना निरोप गेला, रविवारी येऊन पोपट घेऊन जा. मी म्हटलं, थोडे दिवस द्या मला, बंड्या तर आता येतो खांद्यावर. हे एकदम चिडले. घाण होते, बोका येतो, पोरीचा अभ्यास होत नाही, असं बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. मग खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "कुसुम, मला तो आवाज ऐकवत नाही गं."

त्यांचंही बरोबर होतं. पण सुजूनं ते ऐकलं. त्या रात्री ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आणला.

शुक्रवारी ती शाळेतून आली ती तापानं फणफणूनच. नेहमीसारखं दार उघडून पोपटांना बाहेर सोडलं आणि खाटेवर बसली, ती कलंडलीच. मी कपाळाला हात लावला, तर चटका बसला. काकूंच्या मुलाला डॉक्टरांकडून गोळ्या आणायला पाठवलं, तिला पेज पाजली आणि बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर नीट निजवलं. तिला थंडी वाजत होती. गोधडी घातली आणि तिची कड पायाखाली दुमडून घातली. उजेड डोळ्यांवर येत होता, म्हणून ट्यूब बंद करून स्वयंपाकघरातला दिवा तेवढा ठेवला. पोपटांचा मला विसरच पडला होता. मी तिच्या उशाशी बसून थोपटत होते.

पंखांचा आवाज झाला. ठमी खाटेच्या कठड्यावर उतरली होती. इतके दिवस जी माझ्यासाठी खाली आली नव्हती, ती एकेक पाऊल टाकत सुजूच्या चेहऱ्यापर्यंत आली. मान खाली घालून जवळून पाहिलं. मग उडाली आणि थेट पिंजऱ्यात जाऊन वरच्या दांडीवर बसली. मागोमाग बंड्या. दोघं एकमेकांना टेकली आणि पिसं फुलवून गप्प झाली.

मी जागची हलले नाही.

डोळे न उघडताच सुजू म्हणाली, "आता दार लाव. हळू."

मी उठून दार लावलं. वरून पिंजरा झाकला. परत येऊन बसले आणि विचारलं, तुला ठाऊक होतं? तिनं मान डोलावली. आई आधी मला झोपवायची, म्हणाली, अश्शीच पायाखाली गोधडी घालून. मग ते आपले आपण जायचे.

म्हणजे तुम्ही पोपटांना काही सांगतच नव्हतात! ते तुमच्या हाकेला नाही, सुजूच्या निजण्याला आत जात होते. आणि तुम्ही गेल्यापासून ती दिवेलागणीला कधी आडवीच झाली नव्हती. घरात झोपायची वेळच झाली नाही, तर त्यांनी का म्हणून आत जावं? एकदा वाटलं, विचारू नये. पण विचारलं, "मग सांगितलं का नाहीस गं?"

तिनं गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "ते आत गेले की आई दिवा बंद करायची. मी झोपले. सकाळी उठले तर आई दवाखान्यात होती. मग आलीच नाही."

शालूताई, तुमची कावीळ वाढली आणि तुम्हाला रात्रीच टांग्यातून नेलं, हे मला ह्यांनी सांगितलं होतं. पोरीची झोप मोडू नका, असं तुम्हीच म्हणालात म्हणे. तुम्ही ते मायेनं म्हणालात, मी असते तर मीही तेच म्हणाले असते. परत येणार नाही हे तुम्हाला कुठं ठाऊक होतं? पण दीड वर्ष ही एवढीशी पोर रोज संध्याकाळी एका गोष्टीची राखण करत बसली होती. पाखरं आत जायला नकोत, दिवा बंद व्हायला नको, झोप लागायला नको.

मग तिनं डोळे उघडले. "सकाळी तू असशील?"

देवाची शपथ घालून होय म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. पण कुणाच्या उद्याची शपथ कुणी घ्यावी, ताई? पोरगी एकदा फसलेली होती. मी खरं तेच बोलले. "मी कुठं जाणार? मला इथनं बसस्टँड कुठं हाय ते पण ठाऊक नाही."

"आहे," ती म्हणाली, आणि झोपली.

हे घरी आले तेव्हा दार हळूच उघडलं मी. त्यांनी कपाटावर पाहिलं, दांडीवर पाहिलं, मग झाकलेल्या पिंजऱ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. बूट न काढताच ते सुजूच्या खाटेपाशी खाली बसले आणि गोधडीवरून तिच्या पायावर हात ठेवून कितीतरी वेळ तसेच राहिले. "मला कसं कळलं नाही?" एवढंच म्हणाले. तुम्ही त्यांना दोष देऊ नका. दिवसभर खपून येणाऱ्या माणसाला झाकलेला पिंजराच दिसणार.

सकाळी मी चहा गाळत होते. सुजू अंथरुणातून उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. माझ्याकडे पाहिलं, स्टोव्हकडे पाहिलं आणि परत जाऊन झोपली. पुढं कितीतरी सकाळी तिचं हे चाललं होतं. यायची, बघायची, जायची. मी तिला कधी हटकलं नाही. फक्त त्या वेळी नळावर जायचं मी सोडून दिलं.

रविवारी लासलगावचे भाऊ आले. पाखरं न्यायला गोणपाट आणि दोरी घेऊन आले होते. मी त्यांना पोहे केले. ह्यांनी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, कांद्याचा भाव विचारला. पोपटांचं नाव काही काढेनात. शेवटी भाऊच म्हणाले, मग काढायची ना पाखरं? तेव्हा ह्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "राहू देत, दादा. सवय झालीय." बंड्यानं नेमकं तेव्हाच तोंड उघडलं, "अहो, ऐकलं का?" ह्यांनी पेपर शोधला नाही. त्याच्याकडे बघून म्हणाले, "ऐकलं, बाबा." आणि हसले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

म्हणजे पोपट एकदम शहाणे झाले असं समजू नका हं! ठमीला अजूनही लहर येते. सुजू मोठी झाली, अभ्यासाला जागायला लागली, तेव्हा तर पंचाईतच. मग दिवेलागणीला ती थोडा वेळ गोधडी घेऊन खोटी खोटी झोपायची. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांतसुद्धा! पुस्तक गोधडीच्या आत. पुढं पुढं ती तिथूनच माझ्याशी बोलायला लागली. डोळे मिटून, कुजबुजत, पाखरांना कळू न देता. शाळेतलं, मैत्रिणींचं, कधी तुमचं. मला तिचं जे काही माहीत आहे, ते त्या अर्ध्या अर्ध्या तासातलं आहे, ताई. पाखरांच्या झोपेपायी आम्हा दोघींना बोलायला जागा मिळाली.

ती मला मावशी म्हणते. सुरुवातीला काकूंनी तिला पढवलं होतं, आई म्हण गं. मीच त्यांना थांबवलं.

आज स्टँडवर सामान वर चढवून झालं, हे पाण्याची बाटली आणायला गेले, तेव्हा सुजूनं खिडकीतून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, रडते की काय. तिच्या मनात वेगळंच होतं. त्या शाळेतल्या एक बाई तिला मुलाखतीच्या दिवशी म्हणाल्या होत्या, की पहिलीची मुलं दिवसा रमतात, पण वसतिगृहात संध्याकाळ झाली की रडायला लागतात. काही तर अंथरुणावर पाठ टेकत नाहीत, दाराकडे बघत बसतात. पाड्यावरची लेकरं, पहिल्यांदाच आईपासून लांब आलेली.

"ती झोपत का नाहीत, ते मला ठाऊक आहे, मावशी," सुजू म्हणाली. "मी वसतिगृहातच खोली मागितलीय. सकाळी उठली की मी दिसायला हवी ना त्यांना."

गाडी सुरू झाली. मी नुसता हात हलवला.

ऐकलंत ना, शालूताई? तुम्ही तिला जशा निजवत होतात, तशी ती आता डोंगरातल्या लेकरांना निजवणार आहे. आणि सकाळी तिथंच असणार आहे. याहून मोठी बातमी तुम्हाला कोण सांगणार होतं?

एक वचन देते आणि थांबते. 'आई' हा तिच्या तोंडचा शब्द तुमचा आहे. तो मी आजवर मागितला नाही, पुढंही मागणार नाही. पण त्या शब्दामागचं काम माझ्याकडे राहू द्या. ती दमून येईल तेव्हा, तिचं लग्न होईल तेव्हा, कधी काही बिनसलं तर तेव्हाही. ते मी मन लावून करीन. तुम्ही आता निश्चिंत निजा.

तुमच्या मागून आलेली,
कुसुम